पाटीवर कुरुळी

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, "गिटारचा चांगला अॅम्प आपल्याकडे बनतच नाही. आपल्या लोकांना ते जमायचं नाही."

खोटं आहे. मी तिथल्या तिथे भांडले. दुकानदाराने मला पाण्याचा ग्लास दिला आणि दाराकडे बघितलं, म्हणजे 'पाणी पी आणि नीघ'. भांडण अर्धं राहिलं. ते इथे पूर्ण करते, कारण माझ्याकडे पुरावा आहे आणि पुराव्याला नाव आहे. शालनताई. राहणार चाकणजवळच्या कुरुळीची, मूळ उदगीरकडची.

शालनताई चाकणच्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कंपनीत वाइंडिंगला होती. तांब्याची केसासारखी तार बॉबिनवर गुंडाळायची, थरावर थर, मधे कागद, तार तुटता कामा नये, थर चढता कामा नये. हे काम तिने ऐन उमेदीतली वर्षं केलं आणि कंपनीच्या कागदावर तिचा हुद्दा शेवटपर्यंत 'हेल्पर' होता. अकुशल कामगार! ज्या साहेबाने तो शब्द लिहिला त्याला त्या तारेचा एक थर घालायला बसवायला हवं होतं. मग एक दिवस ती सगळी लाइन ठेकेदाराला दिली आणि बायकांना गेटबाहेर काढलं. आमची कामगार संघटना तिथे पत्रकं घेऊन उभी होती. मी एक पत्रक तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाली, "बरं लिहिलंय. पण इतक्या जोरात बोलायलंय ना हे, की काय म्हणायलंय तेच कळंना."

आमची ओळख ही अशी झाली.

ती बुटकी होती, जाड भिंगाचा चष्मा आणि साडीवर कंपनीचाच निळा अॅप्रन. त्याच्या खिशावरचं कंपनीचं नाव तिने सुईने उसवून काढलं होतं, टाक्यांची भोकं तेवढी राहिली होती. नवा अॅप्रन का घेत नाहीस विचारलं तर म्हणाली, "कापड चांगलंय. कापडानं काय केलंय?"

नम्रपणा तिच्यात औषधालाही नव्हता, हे आधीच सांगते. कष्टकरी बाई म्हटलं की लोकांना मान खाली घातलेली बाई हवी असते. शालनताई स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायची, समोर कुणी नसलं तरी करायची. बॉबिन भरून झाली की ती उजेडात धरायची आणि म्हणायची, "बघ. बाजारात मिळंल का असलं? न्हाई मिळायचं."

गिटारशी तिचा संबंध माझ्यामुळे आला. संघटनेच्या गाण्याच्या पथकात मी गिटार वाजवते. आमच्याकडे कुणीतरी देणगी दिलेला एक जुना व्हॉल्व्हचा अॅम्प होता, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. त्यातला ट्रान्सफॉर्मर जळला आणि पुण्यात सगळ्यांनी हात वर केले. शालनताई तेव्हा बबनभाऊंच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायची. बबनभाऊ म्हणजे आमच्या संघटनेचे सेक्रेटरी, कुरुळीतले जुने शेतकरी. तिने तो जळका ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला आणि एकेक वेढा हाताने उलगडत बसली. मधेच थांबली. नंदाला हाक मारली. नंदा चिपळूणची, आयटीआय झालेली, त्याच कंपनीत टेस्टिंगला होती आणि त्याच दिवशी बाहेर पडलेली.

"नंदे, हे बघ. एक थर इकडचा, एक थर तिकडचा, परत इकडचा. सरळ भरलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं. कशाला केलं असंल?"

"आवाजासाठी असेल गो. बारीक सूर मधेच गळत नाय मग."

शालनताईने ती तारेची गुंडी उजेडाकडे धरली. "कुणीतरी बसून अक्कल लावलीय," ती म्हणाली. "कुठल्या देशातली असंल कुणास ठाऊक. बाईच असणार."

अॅम्प दुरुस्त झाला. आणि ह्या दोघींना स्वतःचे अॅम्प बनवायचं खूळ लागलं, गेटबाहेर काढलेल्या आणखी चौघी त्यांना येऊन मिळाल्या.

अॅम्प म्हणजे काय, हे मला तिनेच समजावलं. त्याआधी मी नुसतं भोक बघून वायर खुपसत होते. गिटारच्या तारेखाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडी. वरची तार थरथरली की गुंडीत वीज उठते, पण अगदी किडूकमिडूक. अॅम्पचा पहिला टप्पा त्या विजेला उठवून उभं करतो. मधे जाडबारीक सूर कमीजास्त करायच्या कळा. पुढच्या टप्प्यात तिला स्पीकर हलवण्याइतका दम भरतात. व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये शेवटी ट्रान्सफॉर्मर लागतो, कारण व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचं जमत नाही.

"व्हॉल्व्हकडं दाब लई आणि धार बारकी. स्पीकरला पाहिजे उलटं," ती सांगायची. "आमच्या उदगीरच्या बाजारात कसं, एक कानडी बोलायलाय, दुसऱ्याला मराठीच कळायलंय. मधे दुभाष्या बसतो. दुभाष्या अडाणी असला की सौदा फिसकटला." आणि मग छातीवर हात ठेवून, "दुभाष्या मी भरते."

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिने ती साऱ्या कुरुळीला ऐकवली. गिटारमध्ये गुंडी, अॅम्पमध्ये गुंडी, स्पीकरच्या पोटातही गुंडीच. "म्हणजे सगळं वाइंडिंगवरच चाललंय की ह्यांचं! आणि टाळ्या कुणाला, तर केस वाढवलेल्याला."

केस वाढवलेल्यांवर तिचा राग होता. गिटारचं गाणं तिला मनापासून आवडत नसे. अॅम्प तयार झाला की ती मला बोलवायची, पाठ करून बसायची आणि डब्याच्या कुशीवर तळवा ठेवायची. "वाजव. पण गाणं नको. नुसतं वाजव."

तिची दुसरी खूण म्हणजे डावा हात. व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये विजेचा जिवावर बेतणारा दाब असतो आणि वायर काढली तरी तो आत दबा धरून बसतो. दोन्ही हात आत घातले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो. म्हणून उघड्या अॅम्पवर काम करताना डावा हात पाठीमागे, कमरेच्या पदरात खोचायचा, असा तिने शेडमध्ये कायदाच केला. सगळ्या सहा बायका तसंच काम करायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कवायत चालली आहे. तिला तर इतकी सवय जडली की ती बोलतानाही डावा हात पाठीशी घेऊन उभी राहायची. गेटसभेत एका वार्ताहराने मला हळूच विचारलं, "ह्या तुमच्या मोठ्या नेत्या का?" मी हो म्हटलं. त्यात खोटं काय होतं?

गेटसभेवरून आठवलं. बबनभाऊंना वाटायचं, जेवढा मोठा आवाज तेवढी मोठी चळवळ. एका सभेला त्यांनी भोंगेवाल्याला परस्पर नको म्हणून कळवलं आणि शालनताईचा नवाकोरा अॅम्प टेम्पोत घालून आणला. माइक त्यात खुपसला, सगळ्या कळा शेवटपर्यंत फिरवल्या आणि भाषण सुरू केलं. बबनभाऊंच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही भाषेतलं नव्हतं. दगड दळतोय असा आवाज. गेटच्या आतले ठेकेदाराचे लोक पोट धरून हसत होते. आमचे लोक मात्र टाळ्या वाजवत होते, कारण भाऊ बोलतायत म्हणजे बरोबरच बोलत असणार.

शालनताई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने स्विचच बंद केला.

"भाऊ, ह्याच्यात भाषण करतंय का कुणी?"

"का? आवाज तर लई हाय की ह्याला!"

"आवाज हाय, पण त्यो माझा हाय, तुमचा न्हाई. भोंग्याचा अॅम्प म्हणजे पोस्टमन. तुम्ही दिलं ते तसंच्या तसं पोचवणार. गिटारचा अॅम्प म्हणजे शेजारीण. तुम्ही सांगितलेलं ती स्वतःचं मीठमसाला लावून सांगणार. गिटारवाल्यांना तेच पाहिजे असतंय. तुम्हाला पाहिजे का?"

"न्हाई बा," बबनभाऊ म्हणाले.

हाच गिटारच्या अॅम्पचा सगळा गाभा आहे. बाकीच्या यंत्रांत जो दोष, तो ह्यात गुण. अंगावर पेलवेल त्यापेक्षा जास्त भार टाकला की अॅम्पचा आवाज फाटतो. कसा फाटतो, त्यावर त्याची किंमत. हे सांगताना शालनताई सासर काढायची. "व्हॉल्व्हचा अॅम्प म्हणजे आमचे मामंजी. उठल्यावर तापायला वेळ लागायचा, जपावं लागायचं, आदळलं तर संपलं. पण जास्त झालं की कसे कण्हायचे, गोड कण्हायचे, ऐकत बसावं. ट्रान्झिस्टरचा म्हणजे थोरला दीर. स्विच दाबला की हजर, दगडावर आपटा, काही होत न्हाई. सांगितलं तेवढं करंल. पण सोसंना झालं की एकदम किंचाळणार, डोकं उठवणार."

"आणि हल्ली ते कंप्युटरवाले निघालेत ते?" मी विचारलं. म्हणजे ज्यात एका बटनावर कुठल्याही अॅम्पचा आवाज काढता येतो ते.

"त्यो धाकटा. सगळ्यांच्या नकला हुबेहूब करतोय. स्वतःचा आवाज विचारला तर गप."

"आणि पुढे एक व्हॉल्व्ह नि मागे ट्रान्झिस्टर, अशी मिसळ?"

"त्याचं नाव माझ्या शेडमधे काढायचं न्हाई. खिचडी ती. आजाऱ्याला घालायची."

एका डब्यात अॅम्प आणि स्पीकर, असेच ती बनवायची. अॅम्प वेगळा आणि स्पीकरचं कपाट वेगळं, हा प्रकार तिला पटायचा नाही. "तोंड एका खोलीत आणि पोट दुसऱ्या खोलीत, हे कसलं घर?"

प्रत्येक अॅम्पच्या तोंडावर ती पितळेची पाटी लावायची आणि पाटीवर अक्षरं असायची: कुरुळी. देवनागरीत, मोठी. मी विचारलं होतं, तुझ्या गावाचं का नाही? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "गाव तिथं, काम हितं. काम जिथलं, नाव तिथलं. हितले लोक मला बाहेरची म्हणत्यात ना? म्हणू दे. बघू, कुणाच्या हातनं गावाचं नाव बाहेर जातंय."

बबनभाऊंनी पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आमी ह्या गावचं नाव कुटं कुटं लावलं, सांगू? प्लॉट विकण्याच्या बोर्डावर. दुसरं कुटं न्हाई." त्या महिन्यापासून शेडचं भाडं मागायला ते स्वतः येईनात, आठवण झाली तर शालनताईच नेऊन द्यायची.

मग आले मुकुंदशेठ, पुण्यातले वाद्यांचे व्यापारी. माणूस सज्जन. त्यांनी अॅम्प ऐकला, मनापासून मान डोलावली आणि सांगितलं की जेवढे बनवाल तेवढे घेतो, वर्षभराची ऑर्डर पक्की. फक्त पाटी बदलायची. एक इंग्रजी नाव त्यांनी योजलं होतं, कुठल्याशा बर्फाळ देशातल्या गावासारखं, आणि त्याच्या पाट्याही करून शेडमध्ये आणून ठेवल्या होत्या.

"ताई, कानाने घेणारे थोडे," ते म्हणाले. "बाकीचे पाटी वाचून घेतात. कुरुळी वाचलं की म्हणतील, कंपनीच्या बसचा स्टॉप आहे हा."

"हायच की स्टॉप," शालनताई म्हणाली. "उतरायचं तिथं."

मला वाटलं, विषय संपला. मी तर मनात पत्रकाचा मथळाही बांधला होता. पण शेडमध्ये सहा बायका होत्या आणि सहाही जणींच्या घरी चूल होती. गिऱ्हाईक येत होतं ते एकदोन करून, मोटारी भरण्याचं कामही घटलं होतं. दोघीजणी ठेकेदाराकडे परत जायचं बोलत होत्या, त्याच लाइनवर, अर्ध्या पगारात. आणि तोंडावर बोलली ती नंदा.

"नाव काय चाटायचंय गो? आत तार आपली, बाहेर कुणाचं का नाव असेना. पोरं नावावर जेवत नाय."

"आजवर दुसऱ्याच्याच नावाखाली भरली की तार," शालनताई म्हणाली. "काय झालं? गेटबाहेर काढलं, तर कुणाला सांगता आलं का, की हे मी केलंय म्हणून? कुठं दाखवशील? कशावर बोट ठेवशील?"

"आणि नावासाठी शेड बंद पडली तर? तेव्हा कशावर बोट ठेवायचं?"

मत घेतलं. तीन इकडे, तीन तिकडे. मी मधे बोलायला गेले, तर दोन्ही बाजू माझ्यावर उलटल्या, "तू गप गं, तुला काय, तू घोषणा देऊन घरी जाशील." बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी शालनताईच म्हणाली, "संक्रांतीपर्यंत वेळ द्या मला. तोवर पाटीसकट गिऱ्हाईक न्हाई आणलं, तर शेठची पाटी मीच लावते. स्क्रू माझ्या हातानं पिळते. मग त्यावर एक शब्द बोलायची न्हाई."

नंदा म्हणाली, "कबूल."

गिटारवाले येईनात. आले ते राजूमास्तर. खराबवाडीच्या एका बेंजो पार्टीचे प्रमुख. हळदी, वराती, जत्रा. टेम्पोवर बेंजो, खाली नाचणारी गर्दी. त्यांचा ट्रान्झिस्टरचा अॅम्प ऐन लग्नसराईत किंचाळायला लागला होता, तो दुरुस्तीला आणला. बेंजोच्या तारांखालीही तीच गुंडी असते, गिटारसारखीच. शालनताईने स्वतःचा अॅम्प पुढे सरकवला. "ह्याच्यात लावून बघा, मास्तर."

मास्तरांनी एक लावणीची तान घेतली आणि डोळे मिटले. ज्या जागी त्यांचा जुना अॅम्प चिरकायचा, त्या जागी हा भरून आला. जणू बेंजोला गळा फुटला. "ताई," ते म्हणाले, "हे यंत्र रडतंय ओ." मी पहिल्यांदाच बघितलं, शालनताई पाठ फिरवून बसली नव्हती. गाणं चालू होतं आणि ती वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघत होती.

अॅम्प वरातीला गेला आणि अर्ध्या वाटेत मेला. टेम्पो खड्ड्यांतून आदळत गेलेला, वर जनरेटरची वीज कधी चढती कधी पडती. मोठे व्हॉल्व्ह दोन्ही गेले. राजूमास्तर डबा परत घेऊन आले, रागावून नाही, हळहळून. "आवाज हाच पाहिजे, ताई. पण आमचा धंदा रस्त्यावरचा. हा तुमचा मामंजी टेम्पोत बसणारा न्हाई."

पुढचे काही दिवस शालनताईने त्या डब्याचा एकेक जोड तपासला. एका सकाळी मी गेले तर ती नंदासमोर बसली होती आणि मधे उघडा डबा.

"नंदे, पुढचा बारका व्हॉल्व्ह एकटाच ठेवला, रबरावर बसवला आणि मागं सगळं ट्रान्झिस्टर केलं तर? गळा व्हॉल्व्हचा, दम ट्रान्झिस्टरचा."

नंदा वर न बघता म्हणाली, "त्याला खिचडी म्हणतात ना गो?"

"म्हणतात. टाक डाळतांदूळ."

मी विचारलंच, कारण मला राहवत नाही. "ताई, ट्रान्झिस्टरचं मागचं अंग म्हणजे स्पीकर थेट जोडता येतो. तुझा ट्रान्सफॉर्मरच लागणार नाही त्यात. दुभाष्याच गेला."

"गेला," ती म्हणाली. हातातली बॉबिन तिने खाली ठेवली. "विजेचा ट्रान्सफॉर्मर तेवढा भरायचा राहील, साधा. माझी कारागिरी जाईल त्यातनं, ठाऊक हाय मला. पण ह्या सहाजणींचं नाव राहील. दोन्ही धरून बसले तर दोन्ही जातंय."

मी अनेक नेते पाहिले आहेत. स्वतःची खुर्ची वाचवायला लोकांची मागणी सोडणारे पुष्कळ पाहिले. सगळ्यांचं नाव राखायला स्वतःचा हातखंडा सोडणारी मी एकच पाहिली, आणि ती चाकणच्या कागदावर हेल्पर होती.

खिचडी उभी राहिली. नंदाने ती जुळवली, पहिला डबा टेम्पोत घालून मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणला. राजूमास्तरांनी तो दोन लग्नांत वाजवला. तिसऱ्या लग्नात दुसऱ्या पार्टीचा मास्तर टेम्पोजवळ येऊन पाटी वाचून गेला. मग महाळुंग्यातून कुणी आलं, मग खेडकडून. बेंजोवाल्यांना नाव बर्फाळ देशातलं आहे का, याच्याशी देणंघेणं नव्हतं, उलट पाटी अजून मोठी करा म्हणाले, गर्दीत दिसत नाही. संक्रांतीला शेडमध्ये तिळगूळ वाटताना नंदाने शालनताईच्या हातावर लाडू ठेवला आणि म्हणाली, "शेठला फोन कर. सांग, पाट्या परत ने." शालनताईने फोन केला. शेठ हसले म्हणे आणि म्हणाले, जुन्या पद्धतीचा पूर्ण व्हॉल्व्हचा एखादा जमला तर करा, घरी ठेवायला हवा आहे, पाटी तुमचीच राहू द्या. तो तिने सावकाश, सवडीने भरला.

पुढे संघटनेने मला दुसरीकडे कामाला पाठवलं. निघायच्या आधी मी तिला शेवटची पाहिली ती चाकणच्या रस्त्यावर. संध्याकाळची वेळ, शिफ्ट सुटलेली, ट्रेलर आणि कंपनीच्या बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या, आणि मधेच एका वरातीने रस्ता अडवलेला. राजूमास्तरांचा टेम्पो, वर बेंजो, पुढ्यात अॅम्प. शालनताई टेम्पोच्या कडेला उभी, नाचणाऱ्यांकडे ढुंकूनही न बघता यंत्राकडे कान लावून. धूळ इतकी, की पितळ मातकट झालं होतं.

शेजारच्या अडकलेल्या बसच्या खिडकीतून एका पोरगेल्या कामगाराने डोकं बाहेर काढलं. गळ्यात ठेकेदाराचा बिल्ला होता आणि बोली मराठवाड्याची.

"मावशी, आवाज लई भारी हाय ओ! कुठल्या कंपनीचाय?"

शालनताई अॅम्पकडे वाकली. पदराचं टोक घेऊन तिने पाटी पुसली, एकदा, आणि समाधान न होऊन पुन्हा एकदा. मग बाजूला सरकली, त्याला दिसेल अशी.

पोराने डोळे बारीक करून वाचलं. "कुरुळी." थांबला. पुन्हा वाचलं. "आपली कुरुळी?"

"मग!" शालनताई बेंजोच्या वरताण ओरडली. "आपलीच!"

बस हलली. पोरगं खिडकीतून आतल्या लोकांना बोट दाखवून काहीतरी सांगत होतं.